कँटोनीज वाक्प्रचारांचा वाक्यात उपयोग

हाँगकाँगला जाऊन आले म्हटल्यावर कामोठ्यात जो भेटतो तो एकच विचारतो, "बाई, साप खाल्ला का हो?" नाही खाल्ला. मी तिथे काहीही भलतंसलतं खाल्लं नाही. तिथल्या वाक्प्रचारांनी मात्र माझं डोकं खाल्लं, ते अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते, म्हणजे दर भाजीच्या गाडीवर नव्याने सांगत बसायला नको.

आधी माझं सांगते. कामोठ्यात माझा मराठीचा क्लास आहे, आठवी ते दहावी. केतकीचे बाबा गेल्यापासून क्लास आणि मी, एवढाच संसार. 'पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न शिकवून शिकवून माझे केस पांढरे झाले. अर्थ सगळ्यांना पाठ असतो. उपयोगाच्या नावाने बोंब. एका दिवट्याने लिहिलं होतं, 'आजोबा वारले तेव्हा आमच्या घरी आनंदाला उधाण आले.' त्याच्या वहीवर मी लाल शाईने जे लिहिलं ते इथे सांगत नाही. त्या पोराची हाय लागली असावी मला.

माझी केतकी नोकरीसाठी हाँगकाँगला गेली आणि तिथे तिने जेसन शोधला. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण ते मला म्हणता येत नाही आणि मी म्हटलं की तो डोळे मिटून घेतो. मुलगा चांगला आहे, केतकीकडून कामापुरतं मराठीही शिकलाय, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार त्याच्या आजीची. वडिलांच्या आईला ते लोक 'मामा' म्हणतात. म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नाची किल्ली एका मामांच्या हातात, आणि ते मामा बाई!

"आई, नीट ऐक," केतकी कॉम्प्युटरवरून म्हणाली. "इथे लग्नात नवरी गुडघे टेकून मोठ्यांना चहा देते. त्यांनी घेतला की ती घरची झाली. मामांनी वर्षभरात मला नावाने हाक मारलेली नाही. 'ती मुलगी' म्हणतात. त्या चहा घेतील का नाही, जेसनलाही माहीत नाही."

"नाही घेतला तर?"

"तर सह्या होतील, लग्नही होईल. पण त्या घरात मी जन्मभर पाहुणी."

मी खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली. मग ती म्हणाली, "तू त्यांच्या रीतीचे चार शब्द म्हणालीस ना, की त्यांना वाटेल ही रीतभात असलेली माणसं आहेत. आपल्याकडून तू एकटीच आहेस, आई."

आता यावर आई काय म्हणणार? शिकते म्हणाले.

पनवेल

कँटोनीज शिकवणारा माणूस पनवेलमध्ये मिळेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण मिळाला. इस्माईलचाचा. उभी हयात हाँगकाँगच्या कवलून भागात शिंपीकामाचं दुकान चालवलं आणि म्हातारपणी पनवेलला येऊन बसले. रोज दुपारी क्लासच्या आधी मी कामोठ्याहून रिक्षा करून त्यांच्या ओट्यावर हजर. चाचा खारी बिस्किटं पुढे करायचे आणि मला बोलायला लावायचे.

"बेटी, ही जबान गाण्यासारखी आहे. सूर चुकला की मतलब बदलला."

सूर एक नाही, दोन नाही, सहा! मला आरतीचा सूर धड लागत नाही. एकच 'सी' मी सहा तऱ्हांनी म्हणायची आणि चाचा सहाही वेळा मान हलवायचे. आणि ही भाषा बोलायची तर चार-चार अक्षरांच्या मोळ्या बांधून. लग्नाला एक मोळी, वाढदिवसाला दुसरी, परीक्षेला तिसरी. 'बाक निन हौ हाप' म्हणजे शंभर वर्षं सुखाने नांदा. 'जोउ यात होंग फूक' म्हणजे लवकर बरे व्हा. 'सांग यी हिंग लुंग' म्हणजे धंद्याला बरकत येवो. हे शेवटचं चाचांचं फार लाडकं.

"पण चाचा, कुठलं कधी म्हणायचं?"

"दुवा आहे बेटी. दुवा कुठंही चालते."

हे वाक्य ऐकलं तेव्हाच मी ओट्यावरून उठून यायला हवं होतं. तीच ना मी, वाक्यात उपयोगाचे अर्धे गुण कापणारी? पण गरजवंताला अक्कल नसते. चाचा सगळी भाषा काउंटरमागे उभे राहून शिकले आहेत, आणि काउंटरपुढे माणूस एकाच तऱ्हेचा येतो, गिऱ्हाईक, हे माझ्या लक्षात यायला हाँगकाँग गाठावं लागलं.

शेवटच्या दिवशी मीच त्यांना विचारलं, "निघताना काय म्हणू? आपण 'येते' म्हणतो तसं काही आहे का?"

चाचा खूश झाले. "आहे की! 'हा छी जोय लै.' पुढच्या वेळी पुन्हा येणं. माझ्या दुकानातून एकेक माणूस हे ऐकून हसत बाहेर जायचा."

सगळ्यात आधी पाठ झालं ते हेच. का नाही होणार? मी निघाले त्या दिवशी, बॅगा रिक्षात चढवताना, गावातल्या आमच्या जनाबाई कोळंबीची टोपली खाली ठेवून उभ्या होत्या. घाईत मी बोलून गेले, "जनाबाई, जाते हं."

"अगो बाय! जाते नाय बोलाचं! येते बोल, येते!" त्या एवढ्या ओरडल्या की रिक्षावाल्याने सुरू केलेली रिक्षा बंद केली. मी 'येते' म्हटल्यावरच जनाबाईंनी टोपली उचलली.

पहिलं जेवण

विमानाचं काही सांगत नाही. बसले, उतरले, कान दुखले.

हाँगकाँग म्हणजे काय, तर आमच्या कामोठ्याच्या सेक्टरांना कुणीतरी केस धरून वर ओढावं तसं शहर. इमारतीवर इमारत, मध्ये हवा जाईल एवढी फट आणि त्या फटीत कुणाचे तरी कपडे वाळत. समुद्र मात्र चहूकडे, आणि बाजारात मासे असे ताजे की टोपलीतून उड्या मारतात. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मग तो मासा ताटात आला. नुसता वाफवलेला! वर आल्याचे चार दोरे. ना तिखट, ना कोकम, ना मीठ लागेल एवढं मीठ. एवढ्या सुंदर माशाला हे लोक आजाऱ्यासारखं वागवतात. जनाबाईंना दाखवला असता तर त्या त्याच्यासाठी रडल्या असत्या.

लग्नाआधीचं हे जेवण विहीणबाईंनी दिलं होतं. विहीणबाई बारीक अंगाच्या, चष्म्यातून सगळं टिपणाऱ्या. व्याही पूर्वीच वारलेले. शेजारी जेसनचे काका. मामा नव्हत्या, त्या छातीच्या दुखण्याने इस्पितळात होत्या. टेबल गोल फिरणारं. कुणी कपात चहा ओतला की आभार म्हणून टेबलावर दोन बोटं टकटक करायची. मला वाटलं, वेटरला बोलावतायत. मी थांबवायला गेले, तर केतकीने टेबलाखालून पाय दाबला.

सुरुवात करताना विहीणबाई म्हणाल्या, "मान मान सिक." जेसनने सांगितलं, म्हणजे सावकाश जेवा. अहो, हे तर आपलं 'सावकाश होऊ द्या'! मला इतका आनंद झाला की वाटलं, चला, जमलं, माणसं आपल्यासारखीच आहेत. त्या भरात मी काकांकडे वळले. ते दुकान चालवतात एवढं केतकीने सांगितलं होतं. हात जोडून, सूर सांभाळून, खणखणीत आवाजात मी म्हणाले, "सांग यी हिंग लुंग!"

काकांच्या नाकातून चहा बाहेर आला. विहीणबाईंनी काड्या खाली ठेवल्या.

"आई," केतकी दातांतून म्हणाली, "त्यांचं दुकान मयताच्या सामानाचं आहे. अंत्यविधीला जाळायची कागदी घरं, कागदी गाड्या."

म्हणजे मी भर टेबलावर, घरातली म्हातारी इस्पितळात असताना, मयताच्या दुकानाला बरकत मागितली! काका बिचारे हसून हसून लाल झाले, त्यांनी मला स्वतःच्या हाताने भात वाढला. पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्या रात्री मी चाचांना मनातल्या मनात जे बोलले ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं. दुवा कुठंही चालते म्हणे!

इस्पितळ

लग्न दोन दिवसांवर आलं आणि मामांना घरी सोडणार असं कळलं. केतकी म्हणाली, आपण आणायला जाऊ, रीतीला धरून दिसेल. वाटेत माझी उजळणी घेतली. "फक्त 'जोउ यात होंग फूक'. बाकी एक अक्षर नाही. वचन दे."

"तू मला शिकवू नकोस," मी म्हणाले. आणि वचन दिलं.

मामा खाटेवर बसल्या होत्या. एवढीशी मूठभर बाई, पण नजर अशी की मला आमच्या शाळेतल्या हेडबाई आठवल्या. मी पुढे झाले, वाकले आणि म्हटलं, "जोउ यात होंग फूक." सूर लागले! चारच्या चार जागच्या जागी! मामांनी माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली आणि काहीतरी पुटपुटल्या. जेसन म्हणाला, "मामा म्हणते, आठवणीने म्हणालात, आभारी आहे." केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाईंनी माझ्यासाठी खुर्ची सरकवली. मी मनात चाचांना माफ करून टाकलं.

तिथेच गप्प बसले असते तर हे सगळं लिहावंच लागलं नसतं.

मामांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, सामान घेतलं, आम्ही दाराशी आलो. नर्स हात हलवत होती. शेजारच्या खाटेवरची बाई हात हलवत होती. आता सांगा, माणसं निरोप देतायत आणि आपण ठोंब्यासारखं पाठ फिरवून चालू लागायचं? जनाबाई माझ्या अंगात संचारल्या. मी वळले, हात जोडले आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा माझ्या क्लासच्या आवाजात म्हणाले, "हा छी जोय लै!"

पुढच्या वेळी पुन्हा येणं. बऱ्या होऊन घरी निघालेल्या म्हातारीच्या खुर्चीमागे उभं राहून. इस्पितळाला.

"छोय!" विहीणबाई किंचाळल्या. "दाय गाट लेइ सी!" त्यांनी खुर्ची झपकन बाहेर ओढली. त्यांच्यात अशुभ बोललं की हे म्हणायचं, आपण 'शुभ बोल नाऱ्या' म्हणतो तसं. शिवाय मला थुंकून मग शुभ बोलायला लावलं. इस्पितळाच्या चकचकीत फरशीवर थुंकू कशी? मी हातरुमालात थू थू केलं. नर्स तोंड फिरवून उभी होती. मामा माझ्याकडे बघत होत्या, एवढंच.

टॅक्सीत केतकी खिडकीबाहेर तोंड करून बसली. "इस्पितळातून, मयतावरून निघताना पुन्हा भेटू म्हणायचं नसतं, आई. लहान पोरालाही कळतं इथल्या."

"मग मला कुणी सांगायला नको? मी अंतर्ज्ञानी आहे?"

"मी सांगितलं होतं, एक अक्षर बोलू नकोस!"

खरंच सांगितलं होतं. म्हणून मला अजूनच चीड आली. संध्याकाळी जेसनचा फोन आला. मामांचा खोकला वाढला होता. विहीणबाई म्हणत होत्या, त्यांना लग्नाला नेता येणार नाही. माझ्या नावाने कुणी काही बोललं नव्हतं, आणि त्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास झाला. चहाला मामाच नसतील तर केतकीने गुडघे टेकायचे कुणापुढे?

मामांचं घर

दुसऱ्या दिवशी मी कुणाला न विचारता घरून आणलेला लाडवांचा डबा उचलला. "चल," केतकीला म्हणाले. "माफीबिफी तुझ्या चार अक्षरांत नाही मागणार मी. मराठीत बोलणार. तू आणि तुझा होणारा नवरा बसा भाषांतर करत."

विहीणबाईंचं घर म्हणजे आपल्याकडचं एक स्वयंपाकघर. त्यातच त्या सासू-सुना, जेसन, देव, टीव्ही आणि मामांची आरामखुर्ची. विहीणबाईंनी चहा दिला, मी दोन बोटं टकटकवली. बसवलं, पण हसल्या नाहीत.

मी सरळ मामांकडे बघून बोलायला लागले. "आजीबाई, मी तुमच्यासाठी वाईट चिंतलं नाही. आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत. माणूस मेला की आम्ही 'गेला' म्हणतो. हिचे बाबा गेले, असं मी म्हणते, तेव्हा ते ऑफिसात गेलेले नसतात. म्हणून दारातून पाय बाहेर टाकताना आम्ही 'येते' म्हणतो. न म्हणता निघालं की मागे राहिलेल्याच्या जिवाला घोर लागतो. मी तिथे तेच म्हणाले. इस्पितळात म्हणायचं नसतं हे मला ठाऊक नव्हतं. आणि तुमच्या भाषेत आनंदाचं एक, दुःखाचं एक, धंद्याचं एक, कुठलं कुठे टाकायचं हे कळायला माणसाला दुसरा जन्म घ्यावा लागेल. मला राग आलाय सगळ्याचा. पण राग माझ्यावर काढा. माझ्या मुलीचा चहा टाळू नका."

शेवटचं वाक्य सांगताना केतकीचा आवाज फुटला. जेसनने ते पुरं केलं.

मामांनी लाडवाचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला, केतकीकडे वळल्या आणि तिला काहीतरी विचारलं. तिने उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, तिने पुन्हा उत्तर दिलं. माझ्याकडे कुणी बघेना.

"काय म्हणतायत? सांग ना!"

"काही नाही गं, सहज विचारतायत," केतकी म्हणाली. आई समोर बसलीय आणि हिला भाषांतराचा कंटाळा! पण मामा पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होत्या, तेव्हा मी तोंड बंद ठेवलं.

चहा

मामा आल्या. मफलर गुंडाळून, चाकाच्या खुर्चीत, तक्रार करत आल्या. हॉलच्या अर्ध्या भागात पाहुणे सोंगट्या खेळत बसले होते, त्यांचा खडखडाट असा की आपल्याकडचा बँजो परवडला.

केतकी लाल कपड्यांत गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी पेला पुढे केला. मामांनी घेतला. ओठाला लावला. आणि खाली ठेवला! माझा जीव टांगणीला लागला. मामांनी विहीणबाईंना जोरात काहीतरी सुनावलं. केतकीचा चेहरा पांढराफटक.

"चहा गार आहे म्हणते," जेसन कुजबुजला. "दुसरा आणा म्हणते. गरम."

या बाईला मी काय म्हणू! दुसरा आला, वाफाळता. मामांनी फुंकर मारत, घोट घोट करत, पेला तळापर्यंत रिकामा केला. मग आपल्या हातातली हिरवी बांगडी काढून केतकीच्या हातात घातली आणि तिला नावाने हाक मारली. 'केताकी' म्हणाल्या, पण म्हणाल्या. विहीणबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या. मीही पदर शोधत होते.

मग माझी पाळी. एवढे महिने घोकलेलं 'बाक निन हौ हाप' मी उभी राहून अगदी सुरात म्हटलं. बरोबर जागी, बरोबर वेळी. नेमका तेव्हाच कुणीतरी सोंगट्यांचा डाव जिंकला आणि अशी आरोळी उठली की माझं मलाही ऐकू आलं नाही.

निघताना

परतायच्या दिवशी आम्ही विहीणबाईंकडे निरोप घ्यायला गेलो. विहीणबाईंनी माझे हात धरले आणि बरंच काही म्हणाल्या. आमच्याकडून पाहुणचारात उणं राहिलं, सांभाळून घ्या, असं जेसनने सांगितलं. पोट फुटेपर्यंत खायला घालून वर हे! अगदी आपल्याकडच्या मुलीच्या आईसारखं. मी काहीही बोलले नाही. कानाला खडा लावला होता. नुसते हात जोडले, मामांना वाकून नमस्कार केला आणि लिफ्टकडे चालू लागले.

मागून काठी आपटल्याचा आवाज आला. मामा खुर्चीतून दारापर्यंत आल्या होत्या आणि माझ्यावर चिडून बोलत होत्या.

"आता काय चुकलं?" मी हैराण होऊन विचारलं.

"मामा म्हणते, शब्द न म्हणता कशा निघालात?" जेसन म्हणाला. "इथे म्हणायचा असतो. हे घर आहे, इस्पितळ नाही."

मी वळले. सूरबीर काही नव्हते. "येते," म्हणाले.

मामांनी केतकीकडे पाहिलं. तिने हळूच मान हलवली. लाडू खाताना त्यांनी तिला काय विचारून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. मामा एकेक अक्षर चाचपत म्हणाल्या, "ये." मग थांबल्या, आठवलं, आणि काठी टेकून पुन्हा म्हणाल्या, "लवकर ये."

त्यांचं वय आणि तो खोकला बघता हे नुसतं रीतीचं बोलणं नव्हतं.

तर मे महिन्यात क्लास बंद राहील. दहावीच्या पालकांनी कटकट करू नये. मी तिकीट काढलं आहे. येते म्हणून सांगून आले आहे, तेव्हा जायला हवं.